इतवारीत मिळालेला जुना शृंगारसंच : दहा महिन्यांच्या वापरानंतर

अंबाडा घालणाऱ्या बाईला स्वतःचा अंबाडा कधी दिसत नाही. कपाटाच्या आरशात चेहरा दिसतो, कानावरून पुढे आलेली बट दिसते. पण मागे गजरा तिरपा बसला आहे का, एखादा आकडा वर आला आहे का, हे घरातल्या दुसऱ्या बाईला विचारावे लागते. माझी मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून मला असे विचारायला कोणी उरले नाही, आणि म्हणून मी एका चांगल्या हातआरशाच्या शोधात होते. येथे नागपुरात सीताबर्डीवरून प्लास्टिकच्या मुठीचे दोन आरसे आणून पाहिले. एकात दाराची उभी चौकट मध्येच वाकलेली दिसे, तर दुसऱ्याची मूठ दोन महिन्यांत निखळली. अशा वेळी, गेल्या जानेवारीत, इतवारीतील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला हा संच मिळाला. त्याला आता दहा महिने झाले. उन्हाळा आणि पावसाळा हे दोन्ही ऋतू त्याने माझ्या घरात काढले आहेत, त्यामुळे त्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

दुकान शहीद चौकाच्या परिसरातील एका अरुंद गल्लीत आहे. पितळी समया, पानपुडे, किल्ल्या हरवलेली कुलपे आणि जुनी घड्याळे यांच्या गर्दीत एका खोक्यात हा संच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. त्यात सहा वस्तू आहेत : एक लंबगोल तबक, एक हातआरसा, केसांचा ब्रश, कपड्यांचा ब्रश, कंगवा आणि झाकणासह पावडरचा काचेचा डबा. आरसा आणि दोन्ही ब्रश यांच्या पाठीवर, तसेच डब्याच्या झाकणावर, काळ्या पार्श्वभूमीवर गुलाबांचे भरतकाम आहे. त्यावर पारदर्शक आवरण असून भोवती दाबून काढलेल्या नक्षीची सोनेरी चौकट आहे. तबकाच्या तळाशी काच असून तिच्याखाली जाळीची पांढरी लेस पसरलेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये असे संच मोठ्या प्रमाणावर बनत आणि लग्नात किंवा वाढदिवसाला भेट म्हणून दिले जात. आरशाच्या मुठीवर आतल्या बाजूने ‘मेड इन इंग्लंड’ एवढाच ठसा आहे. कारखान्याचे नाव कोठेही नाही.

दुकानदारांनी मात्र बरेच काही सांगितले. चौकट चांदीची असून तिच्यावर सोन्याचे पाणी दिलेले आहे, आरसा बेल्जियमचा आहे आणि संच सिव्हिल लाइन्समधील एका बंगल्यातून, गोऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या मेजावरून आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जुन्या वस्तू घेताना अशी माहिती ऐकून घ्यावी, पण पैसे मात्र डोळ्यांना दिसते त्याचेच द्यावेत, असा माझा नेम आहे. इंग्लंडमध्ये बनलेल्या चांदीच्या वस्तूवर तपासणीचे ठसे असतात : चालणारा सिंह, तपासणी ज्या शहरात झाली त्याची खूण, म्हणजे बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर किंवा लंडनसाठी बिबट्याचे मुख, आणि सालाचे एक अक्षर. मी सोबत नेलेल्या भिंगातून चौकटीची प्रत्येक कड पाहिली, पण त्यांपैकी एकही ठसा नव्हता. जर्मन सिल्व्हरवर, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूवर, चांदीचा मुलामा असेल तर ‘ई. पी. एन. एस.’ अशी अक्षरे असण्याची शक्यता असते, तीही नव्हती. मुठीच्या टोकाला, जेथे तळहाताच्या घर्षणाने मुलामा झिजला होता, तेथे स्वच्छ पिवळे पितळ दिसत होते. चौकट पितळेची आहे आणि पितळेची म्हणून ती सुंदर आहे. तिला चांदी म्हणण्याची मुळीच गरज नव्हती.

काळाचा अंदाज ब्रशने दिला. केसांच्या ब्रशचे ब्रिसल नायलॉनचे आहेत. सगळ्यांची जाडी सारखी, रंग दुधी आणि टोके यंत्राने कापलेली. नायलॉन १९३८ मध्ये बाजारात आले आणि दात घासायच्या ब्रशमध्ये त्याच वर्षी वापरले गेले. पुढे युद्धाच्या वर्षांत ते पॅराशूट आणि दोरखंड यांच्याकडे वळवले गेले, त्यामुळे शृंगाराच्या ब्रशांत त्याचा मोकळा वापर युद्ध संपल्यानंतरच झाला. म्हणजे हा संच बहुधा १९४७ च्या आगेमागे किंवा त्यानंतरचा, आणि मग गोऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीची कथा अशक्य नसली तरी अवघड होते. नागपूर नोव्हेंबर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते. उच्च न्यायालय, सचिवालय, रेल्वे यांमुळे येथे मोठ्या हुद्द्यावरची भारतीय कुटुंबेही पुष्कळ होती आणि त्यांतले काही जण शिक्षणासाठी किंवा कामासाठी इंग्लंडला जाऊन येत. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होऊन चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले, त्यामुळे त्यानंतर असा संच येथील दुकानातून विकत घेणे सोपे राहिले नसावे. तो कोणाच्या तरी सामानातून, घरच्या बाईसाठी जपून आणलेला असावा, असे मला वाटते.

त्याच दुकानात दुसराही एक संच होता आणि त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तसे संच आपल्याकडे बरेच दिसतात. तो पिवळसर पांढऱ्या रंगाचा, दहा वस्तूंचा आणि माझ्या संचापेक्षा स्वस्त होता. दुकानदारांनी त्याला ‘हस्तिदंती’ म्हटले. खरा हस्तिदंत असता तर त्याची खरेदी-विक्रीच बेकायदेशीर ठरली असती, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दातांच्या व्यापारावर बंदी आली आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतही तिच्या कक्षेत आणला गेला. तो हस्तिदंत नव्हताच. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. या संचावर मात्र वहीच्या पानासारख्या सरळ, समांतर, एकसारख्या अंतरावरच्या रेषा होत्या. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकला हस्तिदंताचे रूप देण्यासाठी कारखान्यात घातलेल्या रेषा अशाच असतात. पावडरच्या डब्याचे झाकण मी अंगठ्याने जोराने घासले आणि नाकाशी धरले, तेव्हा कापराचा वास स्पष्ट आला. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून सेल्युलॉइड बनते. जुन्या चित्रपटांच्या फिती त्याच पदार्थाच्या होत्या आणि त्या किती सहज पेट घेत हे सर्वज्ञात आहे.

भीती केवळ आगीपुरतीच नाही. सेल्युलॉइड जुने होऊ लागले की त्यातून आम्लाची वाफ बाहेर पडते. तिने शेजारचे पितळ हिरवे पडते, कापड कुजते आणि मग त्या वस्तूला बारीक चौकोनी भेगा पडत जातात. या संचाच्या कंगव्यावर तशा भेगा पडलेल्या होत्या आणि खोके उघडताच आंबट, नाकाला झोंबणारा वास आला. नवतपात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या शहरात, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत अशी वस्तू ठेवणे मला धोक्याचे वाटते. दिव्याजवळ, धूप-उदबत्तीजवळ तर ती कधीच ठेवू नये. आणि सेल्युलॉइड ओळखण्यासाठी तापवलेली सुई टोचण्याचा जो उपाय काही जण सांगतात, तो कृपया कोणीही करू नये. अंगठ्याने घासून वास घेणे पुरेसे आहे.

दुकानदारांनी पितळी संचाचे साडेसहा हजार सांगितले. मी ठशांचे आणि मुलाम्याचे बोलले, तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातून घेतले, मुठीचे टोक बराच वेळ निरखले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही पाहून राहिल्या तसं कोणी पाहत नाही. मला जसा सांगितला तसा मी तुम्हाला सांगितला.” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती असे मला मनापासून वाटते. व्यवहार चार हजार दोनशे रुपयांवर ठरला. इतक्या रकमेत आज चांगल्या प्रतीचे नवे ड्रेसिंग टेबल येणार नाही, हे खरे, पण इतक्या रकमेत सहा साध्या उपयोगी वस्तू नव्याने घेऊनही बरेच पैसे उरतात. म्हणून या वस्तू खरोखर वापरता येतात की नाही, हाच माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे.

आरसा वापरता येतो, आणि तो इतका उत्तम आहे की केवळ त्याच्यासाठीही मी हा संच घेतला असता. त्याची काच जाड आहे. काचेवर पेन्सिलीचे टोक टेकवले की टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात जेवढे अंतर दिसते, त्यावरून काचेच्या जाडीचा अंदाज येतो, कारण चांदीचा थर मागच्या बाजूला असतो. या आरशात ते अंतर चांगले ठळक आहे. काचेची कड सभोवार घासून तिरपी केलेली आहे आणि त्या तिरप्या पट्टीत सकाळचे ऊन पडले की भिंतीवर रंगांची एक बारीक रेघ उमटते. आरसा खरा आहे की नाही हे पाहायचे असेल तर ट्यूबलाइटखाली उभे राहून तो हळूहळू तिरपा करत न्यावा आणि नळीच्या प्रतिबिंबाच्या कडेवर लक्ष ठेवावे. काच सपाट नसेल तर ती कड पाण्यातल्या काठीसारखी वाकते. माझ्या आरशात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ राहते. वितळलेल्या कथलावर काच पसरवून ती सपाट करण्याची पिलकिंग्टन या इंग्रज काच कंपनीची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. त्यापूर्वी चांगल्या आरशासाठी जाड काच दोन्ही बाजूंनी यंत्रावर घासून आणि चकाकी देऊन सपाट करावी लागे. ते श्रम या छोट्या आरशात आजही दिसतात. दुकानदार म्हणाले तसा तो बेल्जियमचा असल्याचा पुरावा कोठेही नाही. आपल्याकडे प्रत्येक जाड जुन्या आरशाला बेल्जियमचा म्हणण्याची रीत आहे, तशीच ही.

आता वापराचे सांगते. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभे राहायचे, हातआरसा चेहऱ्यासमोर थोडा बाजूला धरायचा, आणि त्यात कपाटातल्या आरशातली आपली पाठ पाहायची. प्रतिबिंबाचे प्रतिबिंब असल्यामुळे डावे-उजवे पुन्हा जागच्या जागी येते. डावा आकडा डावीकडेच दिसतो आणि हात चुकत नाही. पहिल्या दिवशी मी मोगऱ्याचा गजरा माळून असे पाहिले, तेव्हा माझ्या मानेच्या मागे, केसांच्या अगदी मुळाशी, एक पांढरी बट कितीतरी दिवसांपासून असल्याचे मला पहिल्यांदाच कळले. चेहरा रोज पाहणारी बाई आपल्या मानेला किती अनोळखी असते, हे त्या दिवशी जाणवले. गजऱ्याचे म्हणाल तर त्यानंतर तो कधी तिरपा बसलेला नाही.

आरशाचा दोष एकच आहे आणि तो गंभीर असू शकतो. तो जड आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन चारशे दहा ग्रॅम भरले. एका हाताने तो उंच धरून दुसऱ्या हाताने आकडे खोचणे मला जमते, पण माझ्या सासूबाईंना, ज्यांची मनगटे संधिवाताने दुखतात, तो अर्धा मिनिटही धरवत नाही. ज्येष्ठ व्यक्तीला भेट देण्याच्या विचाराने कोणी असा आरसा घेणार असेल तर आधी तो त्यांच्या हातात देऊन पाहावा. दुसरी गोष्ट, खालच्या कडेला तांदळाएवढे तीन काळे ठिपके आहेत. आपण अजूनही ‘पारा उडाला’ असे म्हणतो, पण काचेवर पाऱ्याऐवजी चांदीचा थर चढवण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली आणि पुढे तीच रूढ झाली. हवेतला ओलावा कडेतून शिरला की ही चांदी काळी पडते. म्हणून अशा आरशावर काच पुसण्याचे औषध कधीही फवारू नये. ते कडेला ओघळून आत जाते. मऊ सुती कापड किंचित ओलसर करून मध्यापासून पुसावे आणि कडेपाशी कोरडे कापड घ्यावे. दहा महिन्यांत माझे ठिपके तीनचे चार झालेले नाहीत.

केसांच्या ब्रशविषयी मी थोडी साशंक होते. दुसऱ्या कोणाच्या केसांत फिरलेला ब्रश आपल्या केसांत फिरवायचा की नाही, हा प्रत्येकीने स्वतः ठरवण्याचा प्रश्न आहे. मी तो रिठ्याच्या कोमट पाण्यात फक्त ब्रिसल बुडतील एवढाच धरून तीन वेळा धुतला, पाठीला पाणी लागू दिले नाही, आणि ब्रिसल खाली येतील असा टॉवेलवर सावलीत दोन दिवस ठेवला. तो उलटा ठेवला तर पाणी मुळांतून आत उतरते आणि मागचे भरतकाम डागाळते. नायलॉन असल्यामुळे धुणे सोपे गेले. त्याच्याही आधीच्या काळातले डुकराच्या राठ केसांचे ब्रश असते तर हा विचार मी केला नसता. ब्रश आजही ताठ आहे, फक्त एका कोपऱ्यातला एक झुपका गळाला आहे. मात्र तो तेल लावलेल्या लांब केसांसाठी बनलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोरड्या, नुकत्या न्हालेल्या केसांवर तो छान चालतो. तेलाच्या दिवशी मी साधा लाकडी कंगवाच घेते.

कपड्यांच्या ब्रशचा मला काही उपयोग होईल असे वाटले नव्हते. माझे यजमान वकील आहेत आणि उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात रोज काळा कोट घालून जातात. आमच्या रस्त्याचे काम वर्षभर चालू आहे आणि त्या धुळीत काळा कोट संध्याकाळी राखी होऊन परत येतो. संचातली सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू आता हीच आहे.

भरतकामाकडे मी बराच वेळ पाहिले आहे. माझी आई दोसुतीवर फुलीच्या टाक्याने उशांचे अभ्रे भरत असे, त्यामुळे टाका वाचण्याची सवय मला लहानपणापासून आहे. येथे फुली नाही. प्रत्येक टाका कॅनव्हासच्या एकाच धाग्याच्या छेदावरून, एकाच दिशेने तिरपा गेलेला आहे, आणि पाश्चात्त्य भरतकामात याला ‘पेटी पॉइंट’ म्हणतात. भिंगाखाली पट्टी धरून मोजले तर एका इंचात बावीस टाके भरले. गुलाबाच्या एका पाकळीत गुलाबी रंगाच्या चार छटा आहेत आणि सर्वांत फिकी छटा फक्त पाच टाक्यांची आहे. आरशाच्या पाठीवर डाव्या पानाच्या टोकाशी हिरव्याऐवजी एक टाका तपकिरी रंगात पडला आहे, आणि केसांच्या ब्रशवर त्याच पानात तो हिरवाच आहे. यंत्राने भरले असते तर दोन्हीकडे एकच चूक किंवा एकच अचूकपणा आला असता, असे मला वाटते. तो तपकिरी टाका मला या संचातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कोण्या बाईने दिवसाचे शेवटचे पान भरताना सुईत चुकीचा दोरा ओवला, आणि तो तसाच सत्तर वर्षे टिकून माझ्यापर्यंत आला.

पावडरच्या डब्याविषयी लिहिण्याजोगे फार नाही. काच साच्यात दाबून काढलेली आहे, बाजूला साच्याची शिवण हाताला लागते, आणि झाकण सैल बसते. मी त्यात आकडे आणि पिना ठेवते.

तबक दिसायला देखणे आहे, पण नागपूरच्या घरात त्याचा त्रास होतो, आणि त्यामागचे कारण मला फणेरपेटी आठवली तेव्हा समजले. आमच्या आजीची फणेरपेटी सागवानी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली खणांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि काजळ. ती पाटावर बसून जमिनीवर उघडायची आणि काम झाले की बंद करून कोनाड्यात ठेवायची. बंद पेटीत धूळ शिरत नसे आणि आरशाला ओलावा लागत नसे. इंग्लंडमधला हा संच नेमका उलट विचाराने बनला आहे. त्याला खुर्चीवर बसण्याच्या उंचीचे मेज हवे, तो सदैव उघडा मांडलेला हवा आणि पाहुण्यांना दिसायला हवा. बंद खिडक्यांच्या, थंड हवेच्या घरात ते योग्यच असेल. माझ्याकडे मात्र तबकाच्या नक्षीत दोन दिवसांत धुळीची रेघ बसे आणि ती मऊ दाढीच्या ब्रशने काढावी लागे. शेवटी मी खणाच्या कापडाचे एक झाकण शिवले. ते घातल्यावर संच दिसत नाही, हे खरे, पण तो टिकतो.

पितळ उजळवण्याचा मोह मात्र टाळावा. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर यांपैकी काहीही या चौकटीला लावले तर वरचा सोनेरी मुलामा आणि त्यावरचे लाखेचे आवरण निघून जाते आणि खाली साधे पिवळे पितळ उरते, जे पुन्हा दर महिन्याला घासावे लागते. कोरडे मलमलीचे कापड पुरेसे आहे.

उन्हाळ्यात मला दोन चुका कळल्या. एप्रिलमध्ये संच खिडकीजवळच्या मेजावर होता. दुपारच्या उन्हाने ब्रशच्या पाठीवरचे पारदर्शक आवरण एका कडेला किंचित आक्रसले आणि चौकटीच्या दाबातून अर्धा मिलिमीटर बाहेर आले. तशा आवरणासाठी त्या काळी ॲसिटेट नावाचे प्लास्टिक वापरले जाई आणि ते उष्णतेने आक्रसते. ते मूळ जागी परत बसणार नाही. मे महिन्यात मी संच आतल्या खोलीत हलवला, तर तेथे कूलरचा ओला झोत थेट मेजावर येत होता आणि आरशाच्या मुठीजवळ पाण्याचे बारीक थेंब जमलेले सापडले. आता तो उत्तरेच्या भिंतीला, कूलरच्या झोतापासून दूर, झाकून असतो. पावसाळ्यात काहीही बिघडले नाही. तबकाची एक कडी हलत होती, ती सराफा ओळीतल्या एका कारागिराकडून झाळून घेतली. त्याने आधी काच आणि लेस काळजीपूर्वक बाहेर काढली आणि मगच चौकटीला आच दिली.

दुकानाविषयी दोन तक्रारी नोंदवणे भाग आहे. संच बांधून देताना आरसा तबकाच्या काचेवर पालथा ठेवून, मध्ये फक्त वर्तमानपत्राचे एक पान घालून, वरून सुतळी आवळली गेली. घरी येईपर्यंत तबकाच्या काचेवर बोटभर लांब चरा उमटला होता. जुनी काच घेणाऱ्याने घरून दोन टॉवेल न्यावेत. दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे. कंगवा या संचाचा नाही. दुकानातल्या मंद दिव्यात माझ्या ते लक्षात आले नाही, पण घरी उजेडात पाहिल्यावर त्याच्या कण्यावरील नक्षीत द्राक्षांचा वेल दिसला, आणि बाकी पाचही वस्तूंवर गुलाबाचा वेल आहे. मी दुसऱ्या दिवशी कंगवा घेऊन परत गेले. संच असाच आला होता, असे दुकानदारांनी सांगितले, पण चर्चेनंतर पाचशे रुपये परत केले. ते त्यांनी दिले याची मी नोंद करते. तरीही ‘पूर्ण संच’ म्हणून विकताना प्रत्येक वस्तूवरची नक्षी जुळवून पाहणे हे विकणाऱ्याचे काम आहे, घेणाऱ्याचे नव्हे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. असे संच फोडून विकले जाताना मी पाहिले आहे. आरसा एकाला, तबक दुसऱ्याला आणि झिजलेले ब्रश पितळेच्या वजनावर भंगारात. भरतकामाचा तुकडा तेव्हा चौकटीतून ओरबाडून काढला जातो. घरात आजीच्या किंवा सासूबाईंच्या ट्रंकेत असे काही असेल आणि ते नको असेल, तर सहा वस्तू एकत्रच द्याव्यात आणि विकत घेणाऱ्यानेही एकटा आरसा मागू नये. मी स्वतः केवळ आरशासाठी गेले होते. बाकी पाच वस्तूंचा उपयोग मला नंतर कळत गेला.

मूळ कंगव्यासाठी मी दुकानदारांच्या वहीत माप लिहून ठेवले आहे : लांबी अठरा सेंटिमीटर, अर्धे दात बारीक आणि अर्धे रुंद, पितळी कणा आणि त्यावर गुलाबाचा वेल. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी इतवारीत किराण्याला जाते, तेव्हा दुकानात डोकावते. अजून तो आलेला नाही.